अर्धी गोळी

कॉलेजातनं फोन आला तेव्हा जयवंता दोन मागांच्या मध्ये उभी होती. चारी माग चालू असले की पत्र्याच्या त्या शेडमध्ये स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. फोन कानाला दाबून ती बाहेर शहापूरच्या गल्लीत आली आणि जवळजवळ ओरडलीच, "हां सर, आता बोला!"

"तुमची रचना आज परत झोपली," पलीकडून केमिस्ट्रीचे सर म्हणाले. "प्रॅक्टिकल चालू असताना, उभ्या उभ्या. हातातला फ्लास्क पडला. ॲसिड होतं त्यात."

"लागलं काय तिला?"

"नाही लागलं. पण ही तिसरी वेळ. बाई, एक विचारू? रात्री मागावर बसवता काय तिला?"

जयवंताच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. रचनानं मागाला हात लावू नये म्हणून ती सतरा वर्षं झगडत आली होती. सासू होती तोवर सासूशी, नंतर नवऱ्याशी. पोरगी आता सेकंड पीयूला, म्हणजे बारावीला होती, सायन्सला.

"आमची पोरगी मागावर बसत न्हाय," ती म्हणाली. "तुमी तुमच्या वर्गाकडं बघा." आणि तिनं फोन बंद केला.

चार वाजता रचना घरी आली. जयवंता उंबऱ्यातच उभी होती.

"झोपलीस म्हणं प्रॅक्टिकलमध्ये?"

"व्हय," रचना म्हणाली, आणि हसली.

"हसायला काय झालं?"

"काय न्हाय गं आई. सर काय बी सांगत्यात. चहा कर की थोडा."

ती दप्तरासकट भिंतीला टेकून बसली आणि नाक खाजवू लागली. मग दंड. मग परत नाक. डिसेंबरची थंडी पडली होती, गल्लीतली म्हातारी माणसं दुपारीसुद्धा कानटोपी घालून बसत होती, आणि या पोरीच्या वरच्या ओठावर घाम होता. जयवंतानं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. घरात उजेड म्हणजे दारातून येईल तेवढाच. तेवढ्या अंधारात मांजराचा डोळासुद्धा मोठा होतो. रचनाच्या डोळ्यांतला काळा ठिपका मात्र मोहरीएवढा झाला होता.

"काय खाल्लंस?"

"कॅंटीनात वडापाव."

"मी दुसरंच इचारायलोय. काय खाल्लंस?"

रचनानं हनुवटी सोडवून घेतली नाही की आवाज चढवला नाही. "तुझं कायतरीच," एवढंच गोड बोलून तिनं डोळे मिटले.

हेच जयवंताला सहन होत नव्हतं. रचना जन्मापासून तापट. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवणारी, बापाला उलट बोलणारी, आईशी दिवसातून चारदा भांडणारी. उन्हाळ्यापासून ती भांडायची थांबली होती. "पोरगी शहाणी झाली," असं सगळे म्हणाले. जयवंताही म्हणाली. शेजारणींना कौतुकानं सांगत सुटली होती. आता तिला आठवत होतं की हे शहाणपण दुपारनंतरचं असायचं. सकाळी त्याच पोरीला हाक मारली तर ती अंगावर यायची, कपाट आपटायची, पोटात मुरडा आला म्हणून तास तास मोरीत बसायची. मग कॉलेजला जायची आणि परत येताना ही अशी, तुपात घोळल्यासारखी.

रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्यापाशी विषय काढला. बसवंत पाटावर बसू शकत नसे. तीन वर्षांपूर्वी सुताचा बीम, तो सूत गुंडाळलेला जड रूळ, उचलताना त्याची कंबर गेली होती. तो खुर्चीवर बसून ताट मांडीवर घेऊन जेवायचा.

"आभ्यासाचा ताण असंल," तो म्हणाला.

"ताण असल्यावर माणूस हसतंय व्हय?"

"मग काय रडू दे? तुला कशातच सुख न्हाय बघ. भांडली तर भांडती म्हणून बोंब, गप बसली तर गप का म्हणून बोंब."

रविवारी निपाणीहून बसवंतची थोरली बहीण शालूबाई आली. तिनं रचनाकडं एकदा बघितलं आणि जयवंताला शेडमागं नेलं.

"पोरगं हाय गं कोणतरी. न्हायतर कुणाची नजर. आमच्याकडं एक माणूस हाय, अंगारा देतोय. अमावास्येला घिऊन ये."

"आक्का, तिच्या डोळ्याकडं बघा तुमी."

"तेच म्हणालोय मी. डोळं असलं पिरमातच हुत्यात. मोबाईल बघ आधी तिचा."

जयवंतानं मोबाईल बघितला. रचनानं स्वतःहून उघडून दिला. त्यात काही नव्हतं. पुस्तकांचे फोटो, मैत्रिणींचे आवाज, बसच्या वेळा. शालूबाई हिरमुसली आणि दुपारच्या बसनं निपाणीला गेली. जाताना अंगाऱ्याच्या माणसाचा नंबर ठेवून गेली. जयवंतानं तो कागद चुलीत घातला. कुणी काही सांगितलं की तिचा संताप वाढायचा, आणि कुणीच काही सांगत नव्हतं यानंही वाढायचा. पेपरात गांजाच्या बातम्या यायच्या. कुठंतरी पोरं पकडली, कुठंतरी पुड्या सापडल्या. त्यात फोटो नेहमी पोरांचे. तोंडाला काळं फडकं, मागं पोलीस. कॉलेजला जाणाऱ्या, दोन वेण्या घालणाऱ्या पोरीचं काय ओळखायचं आणि कशावरून, हे त्यात कुठं छापलेलं नव्हतं.

सोमवारी रचना कॉलेजला गेल्यावर तिनं माग बंद ठेवले आणि खोली झाडायला घेतली. दप्तर मोकळं केलं. पुस्तकं एकेक करून हलवली. गादी उसवली. उशी पिळून बघितली. काही नाही. शेवटी कपाटाच्या खालच्या खणात सॅनिटरी पॅडचं पाकीट दिसलं. त्यात बाप हात घालणार नव्हता आणि आईलाही घालायचं कारण नव्हतं. पाकीट जड नव्हतं, पण हलवलं तर चुरचुर वाजलं.

आत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. चांदीच्या रंगाची, कडेला हिरवी पट्टी, घडी घालून एकात एक बसवलेली. अकरा. प्रत्येकात दहा गोळ्यांची भोकं.

हिरवी पट्टी जयवंताला वाचायची गरज नव्हती. ती तीन वर्षं रोज बघत होती. बसवंतच्या उशाशी बिस्किटाच्या डब्यात असलीच पाकिटं असायची. कंबरेच्या गोळ्या. ऑपरेशन नको म्हणाल्यावर डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेल्या, आणि त्या पंधरा दिवसांची आता तीन वर्षं झालेली. डबा रिकामा व्हायच्या आधी कॉलेजातून येता येता कोपऱ्यावरच्या उपेंद्रच्या मेडिकलमधून गोळ्या आणायचं काम रचनाचं होतं.

ती दाराशी जाऊन बसली. पाकिटं ओच्यात होती. शेजारच्या घरातले माग चालू होते, त्यांच्या दणक्यानं उंबरा थरथरत होता. एकदा वाटलं, उठून सगळी गटारात टाकावीत आणि काही बघितलंच नाही म्हणावं. पण ती तशीच बसून राहिली, पोरगी येईपर्यंत.

रचना आली, तिनं आईच्या ओच्यात बघितलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचं ते दुपारचं गोड तोंड बदललं.

"माझ्या कपाटात हात का घातलास?"

जयवंतानं उठून तिच्या थोबाडीत मारली. हात इतक्या जोरात लागला की तिचीच बोटं झिणझिणली.

"आप्पाच्या गोळ्या खातीस? औषध खातीस चोरून? तुला शिकवाय मी माझी हाडं झिजवालोय, आणि तू..."

"तूच दिलीस की पयली!"

बसवंत आतून खुर्ची सरकवत उठत होता. रचना गालावर हात न ठेवता तशीच उभी होती.

"काय म्हणालीस?"

"धावीत, एसएसएलसीला. मॅथ्सच्या पेपराला. माझं पोट दुखत हुतं, पाळी आलती. मी म्हणालो मला उठवंना. तू आप्पाची गोळी अडकित्त्यानं अर्धी केलीस आणि दिलीस. म्हणालीस, घे, काय हुत न्हाय, पेपर तेवढा दे."

जयवंताला सगळं आठवलं. अडकित्ता सासूचा होता. गोळी कातरताना तिचा चुरा उडाला होता, तोसुद्धा बोटानं टिपून तिनं पोरीच्या जिभेवर ठेवला होता. त्या पेपरात रचनाला सत्त्याण्णव मार्क पडले होते.

"अर्धी दिलती," ती म्हणाली. "एकदा."

"एकदा दिलीस. पण त्या दिवशी पयल्यांदा मागाचा आवाज माझ्या डोक्यातनं गेला आई. तुला म्हाईत न्हाय. तुला सवय हाय. मी जन्मल्यापासनं पहाटे पाचपासनं रात्री धापर्यंत खटखट खटखट. त्यातच वाच, त्यातच झोप, त्यातच डॉक्टर हो. मागाला हात लावू नको म्हणत्यास. अगं तो चोवीस तास माझ्या डोक्यात चालतोय! कुणी इचारलं का कधी? आभ्यास झाला काय, एवढंच इचारतासा तुमी."

"म्हणून असलं खायाचं?"

"मग काय खायाचं? सांग की."

जयवंतानं पाकिटं पदरात गोळा केली, चप्पलही न घालता बाहेर पडली आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेली.

संध्याकाळची वेळ. उपेंद्रच्या दुकानासमोर सात-आठ माणसं होती. उपेंद्र म्हणजे गल्लीतला मानाचा माणूस. गणपतीच्या मंडळाचा अध्यक्ष, अडीनडीला रात्रीसुद्धा शटर उघडून औषध देणारा. जयवंतानं माणसांच्या मधून हात घालून अकराच्या अकरा पाकिटं काउंटरवर ओतली.

"ह्या कुणाला दिलास?"

उपेंद्रनं आधी पाकिटांकडं आणि मग माणसांकडं बघितलं. "वैनी, आत या. आत बसून बोलू."

"मी हितंच बोलणार. माझी पोरगी सतरा वर्षांची हाय. तिच्या हातात तू ह्या दिलास. चिठ्ठी बघितलास?"

"वैनी, बसवंतअण्णांच्या गोळ्या त्या. चिठ्ठी हाय की अण्णांची."

"तीन वर्षांमागची! पंधरा दिवसांची! आणि एका माणसाला एवढ्या कशाला लागत्यात, हे तुला सुचलं न्हाय?"

"ती म्हणाली, अण्णांस्नी आता जास्त लागत्यात. मी काय घरात यून बघू?"

"रोज सकाळी माझ्या दारावरनं जातोस तू! 'वैनी, चहा झाला काय' म्हणून इचारतोस. हे एक इचारायला तुझी जीभ झडली हुती?"

उपेंद्रचा चेहरा लाल झाला. "मी चार लोकांची सेवा करतो, म्हणून हे ऐकाय लागलंय," तो म्हणाला, तिला नव्हे, जमलेल्या माणसांना. रांगेतला आण्णाप्पा मान हलवत म्हणाला, "जयवंता, घरी जा बाई. पोरीचं नाव खराब हुईल. लगीन हुयाचं हाय तिचं."

"तुझ्या घरातली असती म्हणजे गप बसला असतास?"

"बसलो असतो," आण्णाप्पा म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं.

तेवढ्यात बसवंत आला. भिंत धरत, पाय ओढत. त्यानं तिचं मनगट धरलं आणि गल्लीभर लोक बघत असताना तिला ओढत घरी आणलं. रचना आतल्या खोलीत कडी लावून बसली होती.

"गाव गोळा केलीस!" घरात येताच तो ओरडला. "पोरीची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. उद्या तोंड कुठं दाखवायचं तिनं?"

"अब्रू? पोरगी मरत्या हितं!"

"काय मरत न्हाय. औषध हाय ते. दारू न्हाय, गांजा न्हाय. मी तीन वर्षं खातोय. मेलो का मी?"

जयवंता त्याला उत्तर द्यायला वळली आणि थांबली. बसवंत दिव्याखाली उभा होता. तिनं आता त्याच्या डोळ्यांत बघितलं, तसं बघून तिला किती वर्षं झाली होती कोण जाणे. काळा ठिपका मोहरीएवढा. वरच्या ओठावर घाम. बोलता बोलता तो नाक खाजवत होता.

तीन वर्षं. जेवताना डुलक्या, दुपारी गोड बोलणं, सकाळी वसवस. कंबरेमुळं, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. दुखणाऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून ती सोसत गेली होती. पोरीचं तोंड तिला ओळखू का आलं नाही, ते तिला त्या क्षणी समजलं. तेच तोंड ती रोज उशाशी बघत होती.

"किती खातासा दिवसाला?" तिनं विचारलं.

"काय?"

"गोळ्या. किती?"

"दुखतंय तेवढ्या."

"आकडा सांगा."

बसवंत खुर्चीवर बसला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "चार माग तू एकटी वढतीस म्हणून माज आलाय तुला."

जयवंतानं बिस्किटाचा डबा उचलला, मोरीत नेला, एकेक गोळी फोडून पाण्याबरोबर सोडून दिली. बसवंतनं उठून डबा हिसकायचा प्रयत्न केला, पण कंबरेत कळ येऊन तो दारातच वाकला. तिला त्याची दया आली नाही. तिनं बाहेरच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पुढचे दोन दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते. पहिल्या सकाळी दोघंही नुसते जांभया देत होते, डोळ्यांतून नाकातून पाणी गळत होतं. दुपारी रचनाच्या अंगावर काटा उभा राहिला तो बसेना. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग उलट्या. मग जुलाब. बसवंत लाज सोडून रडू लागला, पाय झाडू लागला. रचना रडली नाही. ती आईला शिव्या देत होती, ज्या तिला कुठून येत होत्या ते जयवंताला कळेना.

"दार उघड! एक दे, एकच! मग सोडतो, शपथ!"

"मेलीस तरी देणार न्हाय."

"मग मरतो. तूच मारलीस म्हणून सांग समद्यांस्नी."

दुसऱ्या दिवशी दुपारी रचनाची बोटं वाकडी होऊन थरथरू लागली आणि ती कुणाला तरी 'नको, नको' म्हणू लागली. खोलीत कुणी नव्हतं. तेव्हा जयवंता घाबरली. तिनं कुलूप काढलं, रिक्षा आणली आणि दोघांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली.

ओपीडीत मनाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या मंजुश्री. चाळिशीच्या, बारीक चणीच्या. "कुंदर्री," त्यांनी खुर्चीकडं हात केला, आणि जयवंता बसल्यावर मराठीत आल्या. रचनाची नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "एकदम बंद करायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. मीच केलं."

"झटका आला असता तिला. घरात जीव गेला असता. ही गोळी अफूच्याच घराण्यातली आहे, अम्मा. शरीराला तिची चटक लागते. ती पायरी पायरीनं उतरवायची असते, कोंडून घालून नव्हे."

"मग कुणी सांगायचं आमाला?" जयवंता खुर्चीवरून उठलीच. "देणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं न्हाय, इकणाऱ्यानं सांगितलं न्हाय, पाकिटावर इंग्रजीत मुंगीएवढं छापलंय. आणि आता चूक माझी?"

"तुमचीच फक्त नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मारलंत काय तिला?"

"व्हय."

"पुन्हा मारायचं नाही. ती उद्या परत घेईल, परवा घेईल, तुम्हाला खोटं सांगेल. तेव्हासुद्धा नाही."

त्यांनी दोन केसपेपर काढले. बसवंतनं दुसरा कागद बघितला आणि मागं सरकला. "माझा कशाला? मी पोरीबरोबर आलोय. मी व्यसनी न्हाय. मला डॉक्टरनं दिल्यात गोळ्या."

रचना बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. तिथूनच ती म्हणाली, "मग मीबी न्हाय, आप्पा. मला आईनं दिल्या."

बसवंतनं तिच्याकडं बघितलं. मग कपाळाचा घाम पुसून खुर्चीवर बसला आणि आपलं नाव, वय सांगू लागला.

रचना अकरा दिवस दवाखान्यात होती; बसवंतचे उपचार ये-जा करून चालू झाले. त्या अकरा दिवसांत गल्लीतल्या कुणीही जेवणाचा डबा आणला नाही. शालूबाई निपाणीहून आली, पण पोरीच्या पायथ्याशी बसून म्हणाली, "टायफाईड झालाय म्हणून सांग लोकांस्नी. मी तसंच सांगितलंय." कॉलेजात सरांनीही हळूच तेच सुचवलं. टायफॉइडचं सर्टिफिकेट आणा, हजेरीचं बघून घेऊ. जयवंता नाही म्हणाली.

"तुमच्या वर्गात आणखी पोरं असतील," ती सरांना म्हणाली. "त्यांच्या आयांस्नी बी तुमी इचारणार, मागावर बसवता काय?"

ती तशीच उठून आली.

मग तिनं उपेंद्रच्या दुकानाची तक्रार करायचं ठरवलं. मराठीत दोन पानं लिहून ती औषध खात्याच्या सरकारी कचेरीत गेली, तर खिडकीतल्या माणसानं कागद न वाचताच परत दिला. "कन्नडदाग बरदु तर्री." कन्नडमधून लिहून आणा. जयवंताला कन्नड बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. घरी येऊन ती पान समोर ठेवून धुमसत बसली.

दवाखान्यातून आलेली रचना भिंतीला टेकून बघत होती. तिचे हात अजून कापायचे. "आण हिकडं," ती म्हणाली.

"तू नको."

"मग कोण लिवणार? शाळेत धा वर्षं शिकलोय की मी कन्नड." तिनं कागद ओढून घेतला. थोडं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मध्येच थांबून म्हणाली, "तू लिवलंयस की त्यानं फसवून दिल्या. तसं न्हाय. मी मागितल्या, मी खोटं बोललो. त्यानं इचारलं न्हाय. तेवढंच लिवतो."

"लिव," जयवंता म्हणाली.

खाली सही करायची वेळ आली तेव्हा रचनानं आईच्या आधी आपलं नाव घातलं.

खात्याची माणसं आली, तपासणी झाली, उपेंद्रचं दुकान तीन आठवडे बंद राहिलं. मग उघडलं. त्यानं दारावर बोर्ड लावला, चिठ्ठीशिवाय औषध मिळणार नाही, आणि साधी तापाची गोळी मागायला आलेल्या म्हातारीलाही तो परत पाठवू लागला. "जयवंतावैनींची कृपा," असं वर सांगायचा. गल्लीतल्या बायका नळावर जयवंतासाठी जागा करायच्या थांबल्या. मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटण्याच्या आधी तिला राग यायचा, आणि रागात तिची कामं भराभर व्हायची.

रचना मार्चच्या परीक्षेला बसली नाही, एप्रिलच्या दुसऱ्या फेरीला बसली. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत पुरेसे मार्क पडले नाहीत. त्यावरून मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं, ताट सरकवण्यापर्यंत, आणि ते चालू असताना जयवंताच्या एकदम लक्षात आलं की पोरगी भांडते आहे. तिनं ताट उचलून परत तिच्यासमोर ठेवलं आणि भांडण पुढं चालू ठेवलं. आता पहाटेचे माग सातला सुरू होतात. तेही भांडूनच ठरलं. बसवंतचं तेवढं सरळ झालं नाही. मे महिन्यात त्यानं वडगावच्या कुणाकडून तरी गोळ्या आणवल्या. दोघींनी मिळून त्याला परत मंजुश्रीबाईंच्या समोर नेऊन बसवलं. तो अजून जातो. कंबर अजून दुखते.

जूनमध्ये एका दुपारी दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. अंगावर कारखान्याचा निळा कोट, खांद्याला डब्याची पिशवी.

"जयवंता तुमीच काय?"

"व्हय. काय काम?"

"मी राणी. मच्छेहून आलो. फॅक्टरीत एकजण सांगत हुती, शहापुरात एका बाईनं मेडिकलवाल्याशी रस्त्यात भांडण काढलं म्हणून." ती थांबली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. "माझा शिवराज सोळा वर्षांचा हाय. लई शाना पोरगा. मला... तुमच्या पोरीचं डोळं कसं झालतं, तेवढं सांगा."

जयवंता शेडमध्ये गेली आणि तिनं चारी माग बंद केले. बाहेर येऊन पाट टाकला, पाणी दिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडं तोंड करून हाक मारली.

"रचना, बाहेर ये. तू सांग."

"मी न्हाय सांगणार," आतून आवाज आला. "सगळ्या गावाला काय सांगत बसू?"

"बरं. नको सांगू." जयवंता राणीच्या समोर जमिनीवर बसली. "असं करा. आदी मला सांगा, सकाळी कसा असतोय तो?"

राणी सांगू लागली. चार वाक्यं झाली असतील नसतील. आतली कडी निघाली. रचना कपाळाला आठ्या घालून बाहेर आली, आईकडं न बघता राणीच्या शेजारी बसली, आणि म्हणाली, "नाक खाजवतोय काय ओ, सारखं?"